मापाची चाकं

अंगणात कुणाची गाडी येऊन थांबली की अंकल आधी चाकांकडे बघायचे, मग गाडीतून उतरलेल्या माणसाकडे. चाकं पसंत पडली तर पाहुण्याला व्हरांड्यात खुर्ची मिळायची. नाही पडली तर पाहुणा उभाच, आणि अंकल त्याच्या गाडीशेजारी उकिडवे बसून, चष्मा कपाळावर चढवून टायरच्या कडेवरचे आकडे वाचताहेत. मग तो पाहुणा चर्चचा फादर असो की आंटींचा सख्खा भाऊ. फादरना तर त्यांनी एकदा तोंडावर सांगितलेलं, "फादर, तुमची मागची दोन टायरं एका घराण्यातली नाहीत. जुंपलीत कशी एकत्र?"

फादर म्हणाले, "मी लग्नं लावतो, टायरं लावत नाही."

यावर अंकल इतके खूश झाले की त्यांनी फादरना दोनदा चहा पाजला.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. ठाण्याला कोपरीत त्यांचं बैठं कौलारू घर होतं. पुढे अंगण, अंगणात एक जांभूळ, आणि जांभळाखाली कॅनव्हासचं पांघरूण घातलेली त्यांची चहाच्या रंगाची पद्मिनी गाडी. मी तेव्हा डोंबिवलीला एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. एकटा होतो. खोली बघायला गेलो तेव्हा जात, गाव, पगार, मच्छी खाता का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. दारात काढलेल्या माझ्या चपला उचलून उलट्या केल्या.

"दोन्ही टाचा बाहेरून झिजल्यात. अलाइनमेंट गेलंय तुमचं. घाईत चालता आणि लक्ष दुसरीकडे असतं."

मी म्हणालो, "असेल."

"असेल नाही, आहे. खोली घ्या तुम्ही. जो वाद घालत नाही तो भाडेकरू चांगला."

त्यांनी आयुष्यभर वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केलेली. यंत्रांचे नकाशे काढायचे, मापं टाकायची. निवृत्त झाल्यावर हातात पेन्सिल राहिली नाही, पण मापं डोक्यातून गेली नाहीत. ती सगळी जाऊन चाकांवर बसली. हे कुटुंब ईस्ट इंडियन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच ख्रिस्ती. माझ्याशी अंकल जरा शाळेतल्यासारखं, जपून मराठी बोलायचे. आंटींशी भांडताना मात्र त्यांची घरची बोली निघायची, आणि ती मला जास्त आवडायची.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे हे त्यांनीच मला शिकवलं. माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती, पण त्यानं काही अडलं नाही.

"हा पहिला आकडा म्हणजे रुंदी. ती मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा उंचीचा. टायरची कड किती उंच आहे ते. पण तो सरळ उंची सांगत नाही, रुंदीच्या किती टक्के ते सांगतो. आणि हा शेवटचा, रिमचा. तो इंचात. बघा, मिलिमीटर, टक्के आणि इंच, तिघं एका टायरवर सुखानं राहतात. आणि आमचे दोन चुलतभाऊ एका कुंपणावरून कोर्टात गेले."

"पण मोठं चाक लावलं तर बिघडतं काय?"

"बिघडत काहीच नाही. फक्त गाडी खोटं बोलायला लागते." आणि ते थांबायचे. मी 'म्हणजे?' असं विचारेपर्यंत पुढे जायचे नाहीत.

म्हणजे असं, की गाडीचा काटा चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात रस्ता जास्त कापला जातो, पण काट्याला ते ठाऊक नसतं. तो आपला जुन्या हिशेबानं वेग कमी दाखवतो, किलोमीटर कमी दाखवतो. म्हणून रिम बदला, रुंदी बदला, पण चाकाची एकूण उंची होती तेवढीच ठेवा. रुंद टायर घ्यायचं असेल तर त्याची कड आखूड घ्या. हा त्यांचा पहिला नियम. हे पटवायला ते पद्मिनीच्या टायरवर खडूची रेघ मारत आणि चाकाचा एक पूर्ण फेरा होईस्तोवर गाडी अंगणात ढकलायला लावत. ढकलायला मीच. मग पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत टेप. त्यांच्या अंगणात कायम खडूच्या रेघा असत. नवीन माणसाला वाटे, मुलं काही खेळत असतील.

एका मे महिन्यात आंटींनी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या अंगणात चादरीवर वाळत घातलेल्या. अंकलना त्याच दिवशी एका नव्या टायरचा फेरा मोजायची घाई. चादर रेघेच्या आड येत होती. चाक सुटं होतं, त्यांनी ते मिरच्यांवरून नेलं.

"मिरच्यांवरशी चाक नेलास!" आंटी स्वयंपाकघरातून पळत आल्या. "आता वरसभर कालवनाला टायरचा वास येल!"

"टायर धुतलेला हाय गो."

"मग तोच शिजव आज."

त्या वर्षी आंटींच्या हातचं कालवण मी जितक्या वेळा खाल्लं, तितक्या वेळा अंकल ताटावरून माझ्याकडे बघत विचारायचे, "येतो का वास?" मी नाही म्हणायचो. आंटी म्हणायच्या, "येतो."

शेजारी एक वकील राहायचे. गोल, गोरे, आवाज मोठा. टेलिफोन त्या आळीत फक्त त्यांच्याकडे. त्यांनी नवी कोरी एट हंड्रेड घेतली आणि महिन्याभरात तिला दुकानदाराच्या सल्ल्यानं मोठी, रुंद टायरं चढवली. गाडी दिसायला रुबाबदार झाली, आणि वकीलसाहेब गाडी पेट्रोल फार पिते म्हणून तक्रार करायला लागले. अंकलनी त्यांना काही सांगितलं नाही. आपण चौघं जरा तलावपाळीला जाऊन येऊ, एवढंच म्हणाले. मागे अंकल, मी आणि वकिलांचा तितकाच गोल मेहुणा. पहिल्याच खड्ड्यात मागून टायर घासल्याचा खर्रर्र आवाज आला. कोपऱ्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर पुढूनही आला.

"हा आवाज मी एकटा असतो तेव्हा येत नाही," वकील म्हणाले.

"रिकाम्या गाडीला सगळं बसतं," अंकल म्हणाले. "माणसं बसल्यावर कळतं."

हे वाक्य ते लग्नांबद्दल, बिल्डरांच्या फ्लॅटबद्दल, निवडून आलेल्या नगरसेवकांबद्दलही वापरायचे. मग त्यांनी वकिलांना पेट्रोलचं कोडं उलगडून सांगितलं. गाडी जास्त पीत नाही, मोठ्या चाकांमुळे ती किलोमीटर कमी मोजते, म्हणून सरासरी घसरलेली दिसते. वकील म्हणाले, "म्हणजे या टायरांनी ठाणे-पुणे अंतर कमी झालं तर! मग तर मी काढणारच नाही." अंकल गाडीतून उतरून, रस्त्यात उभे राहून डोळ्यांत पाणी येईतो हसले. आपल्यावर कुणी मात केली की त्यांना आनंदच व्हायचा. वकिलांनी पुढच्या आठवड्यात टायरं बदलली ती गोष्ट वेगळी.

हा असा माणूस आपल्या मुलीशी बोलत नव्हता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

बोलत नव्हता म्हणजे भांडण नव्हतं. लवीना त्यांची एकुलती एक. नर्सिंग शिकलेली. मी राहायला येण्याआधी ती आखातातल्या एका इस्पितळात नोकरीला गेलेली. ती निघाली तेव्हा अंकलच्या मनात नव्हतं. आंटींनी मला एकदा निवडणं निवडता निवडता सांगितलं. त्या वेळी अंकल तिला म्हणाले होते, "ही नोकरी तुझ्या मापाची नाही." त्यांना म्हणायचं होतं की फार लांब आहे, तू एकटी आहेस, मला भीती वाटते. पण त्यांना तेवढी एकच भाषा येत होती. लवीना म्हणाली, "पप्पा, मी टायर नाही." आणि गेली.

तेव्हापासून तिचा फोन वकिलांकडे यायचा, ठरलेल्या रविवारी, चर्चमधल्या मासनंतर. आंटी बोलायच्या, रडायच्या, हसायच्या. शेवटी रिसीव्हर अंकलच्या हातात द्यायच्या. अंकल घसा साफ करून विचारायचे, "तिकडे गाड्यांना टायरं कुठली घालतात? एवढ्या उन्हात?" ती काहीतरी सांगायची. मग हे इकडून सुरू. उन्हात हवा किती ठेवावी, रुंद टायराला कड केवढी, एकूण उंची का सांभाळायची. दोन मिनिटं बोलून रिसीव्हर परत आंटींकडे. मला तेव्हा वाटायचं, पोरीशी बोलायला यांना दुसरा विषय मिळू नये? परदेशातून फोन करणारी मुलगी हे असलं कशाला ऐकून घेईल?

ती ऐकून घेत होती. तिचं लग्न ठरलं तेव्हा ते कळलं. मुलगा वसईचा, तिच्याच इस्पितळात एक्स-रे काढणारा. लग्न ठाण्याला, आपल्या चर्चमध्ये. आणि लग्नाच्या काही महिने आधी गोदीतून टेम्पोत घालून एक लाकडी खोका घरी आला. फोनवर तिनं आंटींना सांगून ठेवलेलं, "पप्पांसाठी आहे. आणि चर्चला मी त्याच्यावरूनच जाणार."

मी कामावरून आलो तेव्हा खोका फोडून झालेला. जांभळाखाली चार चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली. ॲलॉयची, चांदीसारखी चमकणारी, वर काळी कुळकुळीत रेडियल टायरं. तशी चाकं त्या काळी कोपरीत कुणाकडे नव्हती. रस्त्यानं जाणारी माणसं फाटकापाशी थांबून बघत होती. अंकल पायरीवर बसले होते आणि टेप त्यांच्या गळ्यात शिंप्यासारखा लोंबत होता.

"उंची बघा," ते मला म्हणाले. "एकूण उंची आपल्या टायरइतकीच धरलीय तिनं. रिम चौदा इंची, बरोबर. टायर रुंद घेतलं म्हणून कड आखूड घेतली. एवढं दुकानदाराला कळत नाही. फोनवर मी बोलायचो ते सगळं लक्षात ठेवलं पोरीनं."

"मग बसवू या की. मी जॅक काढतो."

"बसत नाहीत."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"हिला बोल्ट चार, त्यांनाही चार. पण ते चार ज्या वर्तुळावर असतात, ते वर्तुळ वेगळं. मधलं भोकही वेगळं. ते टायरवर लिहिलेलं नसतं." त्यांनी गळ्यातला टेप काढून गुंडाळला. "मी तिला ते कधी सांगितलंच नाही. आपल्या गाडीला ते कधी लागलं नाही, म्हणून तोंडात आलं नाही."

दुसऱ्या दिवशी एक चाक घेऊन आम्ही ओळखीच्या गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाल्यानं चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "काय टेन्शन घेता अंकल? होल जरा लांबट करून देतो. एका दिवसाचा तर सवाल आहे. चर्चला जायचं, यायचं."

अंकलनी त्याच्या हातातून चाक काढून घेतलं. "चाक सुटायला एक दिवस पुरतो," ते म्हणाले, आणि चालायला लागले.

घरी आंटींनी सोपा उपाय सांगितला. "सांग ना तिला, नाय बसत म्हून. पोरगी काय खायल तुला?"

"काय सांगू? मापाचं नाय? एकदा सांगितला ना तिला ते." अंकलचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. "एक डाव सांगितला, पोर तीन वरसां घरात नाय आली. आता त्या पोरीनं पाठवलेल्या पयल्या वस्तूला परत तेच सांगू?"

आंटी उठल्या. त्यांनी ताटं वाढली.

जेवताना अंकलनी जाहीर केलं, "गाडीला चाकं सगळेच शोधतात. आपण चाकांना गाडी शोधायची."

मला ती थट्टा वाटली. पण ते खरंच शोधायला लागले. एक चाक गोणपाटात गुंडाळून पद्मिनीच्या डिकीत टाकायचं आणि निघायचं. आज कळवा, उद्या कल्याण, परवा डोंबिवली. परदेशी बनावटीची किंवा जरा वेगळी गाडी उभी दिसली की हे तिच्या चाकाशेजारी बसणार, समोरासमोरच्या दोन बोल्टांमधलं अंतर टेपनं मोजणार, मान हलवून उठणार. लग्नाची गाडी भाड्यानं देणारे पाहून झाले. त्यांच्याकडे बहुतेक ॲम्बॅसिडर. एकाकडे लांबलचक पांढरी गाडी होती. तिचं वर्तुळ जुळत नव्हतं, असं अंकलनी त्याला ऐकवलं, तेव्हा तो म्हणाला, "काका, गाडी फुलांनी सजवून देतो, चाकं कोण बघतंय?" हा माणूस पुढे कित्येक दिवस अंकलच्या बोलण्यात येत राहिला. जगात असेही लोक आहेत, अशा अर्थानं.

मग एका दुपारी कारखान्यात माझ्या नावानं फोन आला. डोंबिवलीच्या एका पोलीस चौकीतून. "तुमचे घरमालक आहेत का हे? या जरा. चाक चोरताना पकडलंय."

गेलो. बाकावर अंकल ताठ बसलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर गोणपाट आणि त्यावर ते चमकदार चाक. समोर एका सोसायटीचे चार-पाच रहिवासी आणि त्यांचा वॉचमन. वॉचमनचं म्हणणं, हे गृहस्थ सोसायटीत घुसले, दुबईहून आणलेल्या गाडीपाशी बसले, टेप काढला. आणि गोणपाटात आधीच एक चाक.

"एक काढून झालं होतं साहेब, दुसऱ्याच्या तयारीत होता," एक रहिवासी म्हणाला.

"गाडीची चारही चाकं जागेवर आहेत ना?" फौजदारानं विचारलं.

"आहेत."

"मग हे पाचवं कुठून काढलं त्यानं?"

रहिवासी वॉचमनकडे बघायला लागले. फौजदार तरुण होता, दमलेला होता. मी त्याला सगळं सांगितलं. मुलगी, आखात, खोका, लग्न. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. तो अंकलकडे बघून म्हणाला, "अहो, पण मुलीला फोन करून सांगायचं ना, बसत नाहीत म्हणून?"

अंकल म्हणाले, "तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे. दीड वर्षाची."

"मग थांबा जरा."

फौजदारानं समोरची वही मिटली. मग त्यानं रहिवाशांना पाठवून दिलं. निघताना अंकल चौकीबाहेरच्या जीपपाशी थबकले, वाकले, आणि मी घाईनं त्यांची बाही धरली. त्यांनी वळून फौजदाराला विचारलं, "ब्रेक मारला की डावीकडे ओढते का?" जीपचा ड्रायव्हर बिडी टाकून पुढे आला आणि म्हणाला, "ओढते! आता मी म्हणत होतो ना साहेब?" पुढचा अर्धा तास आम्ही चौकीतच होतो, पण आता चहा आला.

गाडी शेवटी सापडली ती आंटींना, आणि घराबाहेर न पडता. हिराबाई नावाची कोळीण आंटींकडे वर्षानुवर्षं मच्छी द्यायला यायची. चेंदणी कोळीवाड्यातली. टोपली उतरवता उतरवता आंटींनी तिला नवऱ्याचं दुःख सांगितलं, तर ती म्हणाली, "गारी हाय की माझ्याकडं. मोठी. जपानची. कोंबड्या बसतान तिच्यात."

अंकल जेवणावरून उठले. आम्ही तसेच कोळीवाड्यात गेलो. एका घरामागे, फाटकी जाळी आणि ताडपत्री यांच्या ढिगाखाली एक लांब निळी गाडी होती. टायरं सडून जमिनीला चिकटलेली. मागच्या सीटवर खरंच कोंबड्या.

"आमच्या धन्यान घेतलेली," हिराबाई सांगत होती. "कुठल्याशा वकिलातीतल्या सायबाची व्हती. चार दिस मना हिंडवली, मंग बंद परली. धनी गेला, गारी रायली. इकवत नाय."

अंकल गुडघ्यांवर बसले. गंजलेल्या बोल्टांवर टेप धरला. एकदा मोजलं. चष्मा पुसून परत मोजलं. मग गोणपाटातून चाक काढून त्या चाकाशेजारी उभं केलं, आणि उंचीला हात लावून पाहिला. वर्तुळ जुळत होतं. या वेळी ते मान हलवून उठले नाहीत.

"पोरीच्या लग्नाला न्या," हिराबाई म्हणाली. "नाय न्यायाची तं काय कोंबड्यांची वरात काराची? पन तेंना आधी दुसरा घर बगा."

म्हणून अंकलनी सगळ्यात आधी कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं. त्याचं रीतसर ड्रॉइंग काढलं. त्याआधी एक कोंबडी मापली. कोंबडी धरायला मी. पूर्ण कोळीवाडा बघायला जमलेला.

इंजिनाचं काम मेकॅनिकनं केलं, त्यात बरेच आठवडे गेले. शेवटी चाकं चढली. बोल्ट हातानंच आत गेले, तेव्हा अंकलनी डोळे मिटून घेतले. पण तेवढ्यावर ते थांबणारे नव्हते. त्यांनी हिराबाईला, तिच्या दोन जावांना आणि एका नणंदेला मागच्या सीटवर बसवलं. चौघीही भरभक्कम, एकमेकींच्या मांडीवर टेकून खिदळत होत्या. अंकलनी स्टिअरिंग या टोकाचं त्या टोकाला फिरवलं, कोळीवाड्यातला एकही खड्डा चुकवला नाही. मी शेजारी कान देऊन बसलेलो. कुठेही घासलं नाही.

"काय ऐकतंय रं ह्यो?" नणंदेनं विचारलं.

"गारीचा पोट बगतंय," हिराबाई म्हणाली, आणि चौघी पुन्हा हसायला लागल्या.

लग्नानंतर ती चाकं काढून आणायला अंकल कधी गेले नाहीत. मी आठवण केली तेव्हा म्हणाले, "बसलीत ना? मग बसू दे." हिराबाई त्या गाडीतून मच्छी विकायला जाते अशी अफवा कोपरीत बरीच वर्षं होती.

लवीना लग्नाच्या आठवडाभर आधी आली. उंच, सावळी, बापासारखीच कपाळावर चष्मा चढवायची सवय. बापलेक एकमेकांना बघून जरा अडखळले. तिनं विचारलं, "पप्पा, चाकं?" अंकल म्हणाले, "लग्नाच्या दिवशी." पद्मिनीवर कॅनव्हास जमिनीपर्यंत ओढलेला होता. ती उचलून बघायला गेली नाही. तिला वाटलं, गंमत आहे. आदल्या संध्याकाळी बँड लावून उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या न्हाणाचं पाणी, आणायला सगळे विहिरीवर गेले तेव्हा मी पाहिलं, नाचणाऱ्या बायकांच्या मागे अंकल एकटेच हळूहळू चालत होते, परीक्षेला निघालेल्या मुलासारखे.

सकाळी आंटी आणि बायका वकिलांच्या गाडीतून चर्चला पुढे गेल्या. मी मागे थांबलो, कारण जपानी गाडी वाटेत बंद पडली तर ढकलायला कुणीतरी हवं होतं. अंकलनी ती फाटकापाशी आणली. निळा रंग घासून चकचकीत, पांढऱ्या रिबिनी, मागच्या काचेपाशी निशिगंधाच्या माळा, आणि खाली ती चार चाकं उन्हात लखलखत होती. लवीना पांढरा गाऊन उचलून पायऱ्या उतरली. चाकांकडे बघून तिचा चेहरा फुलला. मग नजर वर गेली.

"पप्पा, ही आपली गाडी नाही."

अंकल एका रिबिनीची गाठ सारखी करायला लागले.

"आपली कुठाय?"

"ती आहे. जांभळाखाली." त्यांनी कोटाचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. "बसत नव्हती गं. वर्तुळ वेगळं होतं. उंची तू बरोब्बर धरलीस. टायर, रिम, सगळं बरोबर होतं. चूक आपल्या गाडीची होती."

"मग मला सांगायचं ना! मी बदलून आणली असती."

"बदलायची कशी?" अंकल म्हणाले. "तू पाठवलेली."

लवीना हसायला लागली. हसता हसता तिनं तोंडावर हात धरला, आणि मग ती हसत नव्हती. गाऊन तसाच धुळीत सोडून ती पुढे आली आणि तिनं बापाच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. अंकलचे हात थोडा वेळ तसेच लोंबत राहिले. मग त्यांनी ते तिच्या पाठीवर नेमके कुठे ठेवायचे ते शोधलं, आणि ठेवले. मी निशिगंधाच्या माळा उगाच सारख्या करत राहिलो.

"चल," ती नाक पुसत म्हणाली. "तिकडे तो बिचारा वाट बघतोय." तिच्यासाठी मी मागचं दार उघडलं. तिनं ते बघितलंसुद्धा नाही. पुढचं दार उघडून, गाऊन गोळा करून ती बापाच्या शेजारी बसली. "ही गाडी कुणाची? कुठे सापडली? सगळं सांगा पहिल्यापासून."

गाडी निघणार म्हणून मी घाईघाईनं मागे शिरलो. अंकल सांगायला लागले. गॅरेजवाला, डोंबिवलीची चौकी, मापलेली कोंबडी. ती मध्येच हसायची, मध्येच त्यांच्या दंडावर मारायची, आणि ते इतकं बोलत होते की दुसऱ्या गिअरच्या वर जायचंही त्यांना सुचेना. कोपरीचा पूल चढेपर्यंत मागे गाड्यांची रांग लागलेली. मागच्या सीटवर फुलांच्या माळांमध्ये मी एकटाच, ढकलायला घेतलेला माणूस. रस्त्याच्या कडेची माणसं पुढच्या त्या दोघांकडे न बघता, रिबिनी आणि फुलं बघून मलाच हात हलवत होती. थोडा वेळ मी संकोचून बसलो. मग मीही हात हलवला.